उद्याची ड्युटी

आमचे हे एसटीत कंडक्टर होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. आठ दिवस दवाखाना आणि मग तो फोन. त्यांच्या जागी अनुकंपावर मी लागले. पण मधे दहावीची सनद शोधा, प्रथमोपचाराचा दाखला आणा, आरटीओचा बिल्ला काढा, ट्रेनिंग करा, यात जवळजवळ दोन वर्षं गेली. बिल्ला छातीवर लागला तेव्हा सगळे म्हणाले, चला, तुझं मार्गी लागलं.

माझी पंचाईत वेगळीच होती. मी वर्षाचं धान्य उन्हाळ्यातच भरून ठेवणारी बाई. आणि इथं उद्या कुठली गाडी, हे आज संध्याकाळी डेपोच्या फळ्यावर लागल्याशिवाय कळत नाही. पहाटेची की दुपारची? सकाळी पोरांना उठवणार कोण? रोज संध्याकाळी फळा बघायचा आणि शेजारच्या काकूंना फोन करायचा.

त्या दिवशी कराड-पाटण होती. २०२३ चा एप्रिल. बायकांचं अर्धं तिकीट १७ मार्चपासून सुरू झालं होतं, त्यामुळे गाड्या नुसत्या ओसंडून वाहायच्या. निघताना तिकिटाच्या मशीनची बॅटरी बघायची असते. मी नाही बघितली. दहा-बारा तिकिटं निघाली असतील, आणि स्क्रीन काळी. बटण दाबून ठेवलं, हातावर आपटलं, काही नाही. गाडीत साठेक माणसं, बहुतेकांची तिकिटं बाकी.

ड्रायव्हर ह्यांच्याबरोबर काम केलेले. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि आरशातूनच म्हणाले, "वहिनी, पेटीत ट्रे आहे ना? सावकाश फाडा. बुकिंग झाल्याशिवाय मी हलत नाही."

ट्रे, म्हणजे कागदी तिकिटांचा. एक रुपयाची, दोनची, पाचची, दहाची, अशा गड्ड्या ओळीनं. ट्रेनिंगमध्ये जेमतेम तासभर दाखवला होता. पण आमचं लग्न झालं तेव्हा मशीन कुठं होती? हे घरी येऊन दिवसाचा हिशेब बोलून दाखवायचे, आधी गड्डीचा वरचा नंबर वेबिलावर, म्हणजे हिशेबाच्या कागदावर, लिहायचा, शेवटचा नंबर वजा पहिला नंबर, गुणिले किंमत. मी भाकरी थापता थापता हो हो म्हणायचे. ते सगळं आठवलं, नंबर लिहिले. बोटांना मात्र काही आठवेना. पातळ कागद, एकाला दोन चिकटून यायची. पंच एकदा माझ्याच नखावर बसला.

मागून एक जण ओरडला, "ओ मॅडम, लग्न लागून जेवणं होतील तिकडं!" पुढच्या सीटवरची मेथीच्या पेंढ्यावाली मावशी त्याच्यावर खेकसली, "गप बस की, नवीन हाय ती." आणि माझ्याकडं वळून लगेच, "माझं अर्धंच हं, बाई." तीसचं अर्धं पंधरा, दहाचं एक आणि पाचचं एक. बोट ओलं करायला तिनं मेथीवरचं भिजलं फडकं पुढं केलं. मी ते ट्रेच्या कडेला ठेवलं ते तिथंच राहिलं.

वीस मिनिटं गेली. शेवटचं तिकीट फाडून डबल बेल दिली तेव्हा पाठ घामानं भिजली होती. पुढं विहे, मल्हारपेठ, नवारस्ता, प्रत्येक ठिकाणी चढणारे होतेच. पण नवारस्त्यापर्यंत अंगठा आपोआप फडक्याकडं जायला लागला होता.

संध्याकाळी हिशेबाला पंधरा रुपये कमी आले. कुठं गेले ते आजही माहीत नाही. पर्समधून भरले. कॅशियरला फडक्याचा मेथीचा वास आला, तो हसला.

बाहेर फळ्यावर माझं नाव पहाटेच्या पहिल्या गाडीसमोर. काकूंना फोन लावला.

"पुन्हा पहाटेची? बरं, उठवते पोरांना. आणि परवा गं?"

"परवाचं उद्या लागतं, काकू."