जर्सीवर नाव कुणाचं?

मॉन्ट्रियलमध्ये हॉकीच्या जर्सीवर खेळाडूंची नावं बसवायचं काम मी करते. असं सांगितलं की सांगलीकडची मंडळी "अरे वा, आपली हॉकी!" म्हणतात. ही ती हॉकी नाही. ही बर्फावरची. आणि या शहरात ती खेळ कमी आणि घरातलं भांडण जास्त आहे. कॅनेडियन्स हा इथला, एनएचएल या उत्तर अमेरिकेच्या हॉकी लीगमधला संघ. स्टॅनली कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, 24 वेळा जिंकलेला, पण शेवटचा 1993 साली. त्यामुळे तिशीतल्या गिऱ्हाइकाला तो कप नीट आठवत नाही आणि साठीतला माणूस दुसरं काही बोलत नाही.

आमचं दुकान संघाच्या बेल सेंटर या स्टेडियमपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मागच्या खोलीत हीट प्रेसचं मशीन, त्याच्या बाजूला अक्षरांचे खण. अक्षरं जाड कापडाची, पाठीमागे गोंद असलेली. जर्सी पाटावर ताणायची, शिवणीवरून मध्य काढायचा, अक्षरं मांडायची, फूटपट्टी लावायची, वरून पातळ कापड टाकून मशीन दाबायचं. एकदा दाबलं की सुटका नाही. अक्षर उचकटता येतं, पण गोंदाचा डाग राहतो आणि खालचं लाल कापडही जरा वेगळं दिसायला लागतं. म्हणून काउंटरवर फ्रेंचमध्ये मोठी पाटी आहे : नाव बसवलेली जर्सी परत घेतली जाणार नाही.

खणांचा हिशेब मजेशीर असतो. ई, ए, आर, एल, यू कायम संपत आलेले. डब्ल्यू आणि के तळाशी पडून, कारण फ्रेंच आडनावांना ती अक्षरं फारशी लागत नाहीत. के आम्ही ठेवायचो तो मुख्यतः संघातल्या सुझुकीसाठी. त्याआधी ठेवायचो तो कोटकानिएमीसाठी. त्याच्या नावात तर दोन के. हा फिनलंडचा मुलगा 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीत, तिसऱ्या क्रमांकावर घेतलेला. त्याच्यानंतर लगेच चौथ्या क्रमांकावर ऑटवाच्या संघाने ब्रेडी काचकला उचललं, आणि हे आमच्या गिऱ्हाइकांनी कधी माफ केलं नाही. 2021 साली कॅरोलायनाच्या संघाने कोटकानिएमीला 61 लाख 15 डॉलरची ऑफर दिली. शेवटचे 15 म्हणजे त्याचा जर्सी नंबर, मुद्दाम डिवचायला. त्याला राखायचं तर मॉन्ट्रियलने तेवढीच रक्कम द्यायची होती, ती काही दिली नाही, पोरगा गेला. त्या सप्टेंबरात लोक जर्सी घेऊन यायचे आणि "हे नाव काढून द्या" म्हणायचे. मी डाग दाखवायचे. "चालेल, डाग चालेल," असं एक बाई म्हणाल्या.

हे सगळं सांगायचं कारण 7 जुलै 2022 चा गुरुवार, ड्राफ्टचा दिवस.

ड्राफ्ट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. आयपीएलसारखा लिलाव नाही इथे, पैशांची बोलीच नसते. अठरा वर्षांच्या आसपासच्या पोरांमधून 32 संघांनी क्रमाने एकेक उचलायचा, सात फेऱ्या. सगळ्यात वाईट खेळलेल्या संघांना आधी उचलायची संधी जास्त, त्यासाठी सोडत. बहुतेक पोरं पुढे दोन-चार वर्षं मोठ्या संघात दिसतही नाहीत. म्हणजे भाकीत आज, निकाल कधीतरी. वाद घालायला याहून चांगली सोय नाही.

कॅनेडियन्स 2021 साली अंतिम फेरीत होते आणि पुढच्याच हंगामात 55 गुणांसह साऱ्या लीगमध्ये शेवटचे. सोडतही त्यांनीच जिंकली, पहिला क्रमांक मिळाला. आणि तो ड्राफ्ट होता मॉन्ट्रियलमध्येच, आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर, करोनामुळे दोन वर्षं पडद्यावर पार पडल्यानंतर पहिल्यांदाच लोकांसमोर.

वसंतभर दुकानात दोन पक्ष होते. एक शेन राइटचा. ऑन्टारिओचा, वयाच्या पंधराव्या वर्षी खास परवानगी घेऊन ज्युनिअर लीगमध्ये शिरलेला, तिथल्या किंग्स्टन संघाचा कर्णधार, त्या हंगामात 63 सामन्यांत 94 गुण (गोल आणि गोलाला केलेली मदत मिळून). दोन वर्षं सगळे म्हणत होते, पहिला हाच. दुसरा पक्ष युराय स्लाफकोव्हस्कीचा. स्लोव्हाकियाचा धिप्पाड पोरगा, फिनलंडच्या मोठ्यांच्या लीगमध्ये 31 सामन्यांत फक्त 10 गुण. पण फेब्रुवारीत बीजिंगच्या ऑलिम्पिकमध्ये सतराव्या वर्षी सात गोल, स्लोव्हाकियाला कांस्य, आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू हाच.

मालकांनी धंद्याच्या बाजूने विचार केला आणि राइटच्या अक्षरांचे संच आधीच कापून ठेवायला सांगितले. सहा अक्षरं, रबरबँड लावून गठ्ठे. डब्ल्यू तर बाहेरून मागवले. मालक राइटवाले होतेच असं नाही. पण गिऱ्हाईक कुणाचं नाव विचारतं ते त्यांना दिसत होतं.

त्या दिवशी सकाळपासून गर्दी. आणि मला एक गोष्ट दिसायला लागली. काउंटरच्या अलीकडे सगळ्यांची मतं अगदी ठाम असायची. ऑर्डरचा कागद पुढे केला, "नाव लिहा, परत घेणार नाही" म्हटलं, की माणूस बदलायचा. एक परिचारिका आली होती, रात्रपाळी संपवून थेट. तिने स्लाफकोव्हस्कीचे फिनलंडमधले सामने बघितले होते. नुसत्या गोलांच्या चित्रफिती नव्हे, अख्खे सामने. तो कडेच्या फळीपाशी पाठीवर माणूस घेऊन पक, म्हणजे खेळातली चकती, कसा राखतो, हे तिने माझ्या काउंटरवर पेन आणि खोडरबर घेऊन दाखवलं. "गुण कमी आहेत कारण त्याला खेळायला मिळालं तेच मोठ्या माणसांत, आणि तेही थोडा वेळ," असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, मग लिहू नाव? ती हसली. "रात्री येते," म्हणाली.

उलट एक बांधकामावरचा तरुण. बूट सिमेंटचे, तासाभराची सुट्टी. राइटचा एकही सामना त्याने पूर्ण पाहिलेला नव्हता, स्वतःच सांगत होता. "2020-21 मध्ये ऑन्टारिओची लीग करोनाने बंद. एक वर्ष गेलं पोराचं, तरी 94 गुण. अजून काय पाहिजे?" कागदावर सही केली, पैसे मोजले. नंबर कोणता, तर किंग्स्टनचाच, 51. मी समजावलं, अजून घेतलेला नाही हो त्याला. "घेतील," म्हणाला. माझा हैतीचा सहकारी मागून पुटपुटला, "देवाला सांगून आलाय वाटतं." मी गठ्ठ्याचा रबरबँड काढला आणि दाबलं.

दुपारी एक आजोबा आले. त्यांना काही घ्यायचं नव्हतं. आमच्याकडे अशी मंडळी येतात, उन्हाची, एसीत बसायला. त्यांनी 1980 सांगितलं. तेव्हाही पहिला क्रमांक कॅनेडियन्सचा, तेव्हाही ड्राफ्ट याच शहरात. डेनी सवार हा इथेच वाढलेला, इथल्याच ज्युनिअर संघातला पोरगा समोर होता. संघाने घेतलं रेजायनाच्या डग विकेनहायझरला. सवार तिसऱ्या क्रमांकावर शिकागोला गेला आणि थेट हॉल ऑफ फेममध्ये, हॉकीतल्या महान खेळाडूंच्या यादीत, पोचला. आजोबा त्या दिवशी कुठल्या खुर्चीत होते, हेसुद्धा त्यांना आठवत होतं. मी विचारलं, मग आज कोण? म्हणाले, "राइट. ज्याला सगळे ओळखतात त्याला घ्यावं. उगाच हुशारी नको." मला हे ऐकून जरा गंमत वाटली, कारण त्यांच्या शेजारी उभा असलेला विशीतला मुलगा स्लाफकोव्हस्कीला नको म्हणत होता तो कोटकानिएमीमुळे, तोही फिनलंडमधूनच आणलेला. म्हणजे दोघांचंही मत राइट. पण राइट कसा खेळतो याबद्दल दोघेही एक अक्षर बोलले नाहीत. एकाची जखम 42 वर्षांची, दुसऱ्याची चारच.

संध्याकाळी दुकान उघडंच ठेवलं. रस्त्यावर लाल जर्सी, ढोल, बिअर. टीव्हीसमोर दहा-बारा जणं उभी. सातनंतर मंचावरून नाव आलं आणि आमच्या दुकानात आवाज झाला तो ना आनंदाचा ना दुःखाचा, एकदम सगळ्यांनी श्वास घेतल्यासारखा. स्लाफकोव्हस्की. पडद्यावर त्याचाही चेहरा असा, की आपलंच नाव आहे ना? मग न्यू जर्सीने दुसऱ्या क्रमांकावर शिमोन नेमेत्सला घेतलं, तोही स्लोव्हाक. ॲरिझोनाने लोगन कूलीला. राइट खाली घसरत चौथ्यावर, सिएटलकडे. मंचाकडे जाताना त्याने मॉन्ट्रियलच्या टेबलाकडे रोखून पाहिलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्याने पुढे तसं काही नव्हतं म्हणून सांगितलं, पण दुकानातल्या लोकांना ते नको होतं.

आणि त्या गोंधळात अजून एक. संघाने बचावपटू रोमानॉव्ह न्यूयॉर्क आयलंडर्सना दिला, बदल्यात तेराव्या क्रमांकाची निवड मिळवली, आणि तीही शिकागोला देऊन कर्बी डाख आणला. दुपारी चारला एक शाळकरी पोरगा आईबरोबर येऊन रोमानॉव्ह 27 ची जर्सी घेऊन गेला होता. मी स्वतः दाबली होती. आठवायला नको होतं, पण आठवलं.

साडेआठला परिचारिका खरंच आली. तिच्या मागे रांग. आता खरी परीक्षा माझी होती. दहा अक्षरांचं नाव, त्यात दोन के, दोन एस. खांद्याच्या शिवणीच्या आत बसवायचं तर अक्षरांमधली जागा आवळावी लागते. नंबर ठरलेला नाही, म्हणून कुणी वर्षाचा 22 मागत होतं, कुणी पाठ रिकामी ठेवत होतं. एक स्लोव्हाक जोडपं आलं, बाई जवळजवळ रडत होत्या. त्यांना शेवटच्या वायवर आघाताची तिरकी रेघ हवीच होती. ती रेघ आमच्याकडे मुबलक होती, फ्रेंच ई साठी लागते ना. ईच्या खणातून उचलली आणि वायवर ठेवली. त्यांनी फोटो काढला मशीनचाच.

के मात्र संपले. सुझुकीच्या भरवशावर किती ठेवणार? सहकाऱ्याने प्लॉटरवर नवे कापायला घेतले, कडा नीट येईनात, दोन टाकून द्यावे लागले. रांगेतल्या एकाने विचारलं, राइटचे गठ्ठे कापून त्यातून के निघणार नाही का? लोक हसले. आणि तेवढ्यात एक जण म्हणाला, "पण खरं सांगा, तुम्हाला कोण आवडला?" मी म्हटलं, चार अक्षरी आडनावाचा कुणीही.

बांधकामवाला दुसऱ्या दिवशी आला. मी पाटीकडे बोट दाखवायच्या तयारीत. त्याने परत करायचं नावही काढलं नाही. त्याला बाहीवर सिएटलचं चिन्ह लावून मिळेल का, हे विचारायचं होतं. मालक नाही म्हणाले, लाल जर्सीवर ते त्यांच्याने बघवलं नसतं. डिसेंबरात राइटने आपला पहिला गोल मॉन्ट्रियलविरुद्धच केला तेव्हा तो तीच जर्सी घालून दुकानासमोरून गेला, आणि काचेतून आम्हाला पाठ दाखवली.

स्लाफकोव्हस्कीचा पहिला हंगाम 39 सामन्यांत आटोपला, चार गोल, मग गुडघा. दुकानात "सांगितलं होतं"ची साथ आली. पुढच्या वर्षी 82 सामन्यांत 20 गोल आणि 50 गुण, त्यानंतर आठ वर्षांचा करार. तेव्हा "सांगितलं होतं" म्हणणारे दुसरे होते. काही जण तेच होते. परिचारिकेच्या जर्सीला मी 20 नंबर बसवून दिला, त्याचे पैसे मालकांनी घेतले नाहीत.

पण त्या दोन दिवसांतलं खरं नाव कुणीच मागितलं नव्हतं. शुक्रवारी दुसऱ्या फेरीत, 62 व्या क्रमांकावर, संघाने एक बुटका बचावपटू घेतला. तेव्हा आमचा टीव्ही लावलेला होता की नाही, तेही सांगता येणार नाही. लेन हटसन. 2025 साली लीगचा सर्वोत्तम नवखा म्हणून काल्डर ट्रॉफी त्याने घेतली, 66 गुण. आता एच पुरत नाहीत. फ्रेंचमध्ये एच असतो, पण इतका नसतो. राइटच्या उरलेल्या गठ्ठ्यांमधला एकेक एच मी गेल्या हिवाळ्यात काढून वापरला, आणि डब्ल्यू पुन्हा तळाशी टाकले.