उथळ पाण्यासाठी दुटोकी होडी आखताना

पुढचं आणि मागचं, दोन्ही टोकं निमुळती असलेली शिडाची होडी मला आखायची होती. ती इतकी कमी बुडायला हवी होती की गुडघाभर पाण्यातही चालावी. ‘आधी खोली ठरव’, म्हणजे अंग पाण्यात किती बुडेल ते ठरव, असा सल्ला बहुतेकांनी दिला. पण खोली हा निवडायचा आकडा नाही. वजन, लांबी, रुंदी आणि अंगाची भरण (ते किती फुगीर आहे) ठरली की तो हिशोबातून बाहेर पडतो. त्यामुळे मी पहिली रेघ ओढण्याआधी वजनांचा तक्ता केला. प्लायवूडचं अंग, डोलकाठी, शिडं, वल्ही, नांगर, पाणी आणि दोन माणसं मिळून 500 किलो झाले. समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण 1025 किलो भरतं, म्हणजे होडीला 0.488 घनमीटर पाणी बाजूला सारावं लागणार. जलरेषेवर, म्हणजे अंगावर पाणी जिथवर येतं त्या रेघेवर, लांबी 5 मीटर आणि रुंदी दीड मीटर धरली, तर अंग सुमारे 16 सेंटीमीटर बुडतं. जलरेषेवरचं क्षेत्रफळ 5 चौरस मीटरच्या आसपास येतं, त्यामुळे दर 50 किलोंना होडी आणखी एक सेंटीमीटर खाली जाते. हे कळल्यावर सामानाची यादी आपोआप आखडती झाली.

दुटोकीच का, हा प्रश्न मला सारखा विचारला गेला. मागे सपाट फळी असलेल्या होडीत माणसं मागे सरकली की ती फळी पाण्यात बुडून पाणी ओढत राहते. निमुळत्या शेपटाला ही अडचण नाही. मागून येणारी लाट दुभंगून जाते. शिवाय होडी कलली तरी दोन्ही टोकं सारखीच उचलली जातात, म्हणून नाक खाली घालून ती भलतीकडे वळू पाहत नाही. वेगाच्या बाबतीत मात्र फार आशा ठेवू नये. 5 मीटर जलरेषेला साडेपाच नॉटच्या (तासाला सुमारे 10 किलोमीटर) आसपास होडीनेच उठवलेल्या लाटेची भिंत उभी राहते. निमुळत्या शेपटाची होडी त्यापुढे रेटली तर मागे बसते.

खरी किंमत स्थैर्यात मोजावी लागते. वजनदार कील, म्हणजे तळाखालचं जड पातं, नसलेल्या उथळ होडीला उभं ठेवतो तो जलरेषेचा आकार. त्यात रुंदीचा घन येतो, म्हणजे रुंदी 10 टक्के वाढवली तर आधार 33 टक्के वाढतो. मी जलरेषेला दोन्हीकडे पॅराबोलाचा बाक दिला होता. तेवढ्याच लांबी-रुंदीच्या आयताशी तुलना केली, तर आडव्या कलण्याविरुद्धचा आधार 46 टक्केच उरला. लांबीच्या दिशेने तो 40 टक्के होता. हा दुसरा आकडा मला जास्त बोचला. 75 किलोचा माणूस एक मीटर मागे सरकला, तर दोन टोकांच्या पातळीत सुमारे 6 सेंटीमीटरचा फरक पडणार, आणि अंग बुडालंय केवळ 16! म्हणून बसायच्या जागा मध्यावर आणल्या, सुकाणूचा दांडा लांब केला आणि दोन्ही टोकांत बंद हवापेट्या टाकल्या. तिथे बसून तरी कोण काय करणार होतं?

पाण्याखाली निमुळतं आणि पाण्यावर भरदार, हे दोन्ही एकाच वेळी जमवता येतं. 1886 साली राल्फ मन्रो यांनी फ्लोरिडाच्या उथळ किनाऱ्यासाठी आखलेली ‘एग्रेट’ ही 28 फुटी दुटोकी होडी मी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा पाहिली. तिचा तळ सपाट आहे, पण बाजू वर जाताना बाहेर उमलतात. होडी कलली किंवा टोक लाटेत घुसलं की अंग झपाट्याने रुंदावतं आणि उचल वाढते. मीही बाजू तशाच झुकवल्या. तळ मात्र पूर्ण सपाट ठेवला नाही, कारण नांगर टाकून उभं असताना छोट्या लाटा अशा तळावर थडाथड आपटतात. मध्ये साठ सेंटीमीटरची सपाट फळी ठेवली, म्हणजे ओहोटीला होडी वाळूवर सरळ बसेल, आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरकी फळी दिली.

मग आडछेदांची क्षेत्रफळं काढून आलेख केला आणि सिम्पसनच्या नियमाने, म्हणजे ठरावीक अंतरावरच्या क्षेत्रफळांवरून, घनफळ तपासलं. मध्याच्या मानाने टोकं किती भरलेली आहेत हे सांगणारा प्रिझमॅटिक गुणांक 0.54 ठेवला. संगणकावर हे सगळं क्षणात होतं, तरी कर्णरेषा, म्हणजे अंगाचा बाक तपासायच्या तिरक्या रेघा, मी लाकडी पट्टी वाकवून हातानेच ओढल्या. पट्टीला न पटणारा बाक प्लायवूडलाही पटत नाही, आणि पडद्यावर तो सहज लपून जातो.

नंतर पुठ्ठ्याचं 1:10 मॉडेल करून वॉर्निश लावलं. घनफळ हजारपट कमी होतं, त्यामुळे एकूण वजन भरलं 500 ग्रॅम. ते टबात सोडलं आणि 75 ग्रॅमचं वजन दहा सेंटीमीटर मागे सरकवलं. टोकांतला फरक सहा मिलिमीटरच्या जवळपास आला.

आडव्या वाऱ्यात अशी होडी बाजूला घसरते, म्हणून बिजागरीवर फिरणारा सेंटरबोर्ड, म्हणजे तळातून पाण्यात सोडायचं पातं, घेतला. शिडं दहा चौरस मीटरची असल्याने त्याचं क्षेत्रफळ 0.4 चौरस मीटर धरलं. त्याची पेटी मधल्या फळीच्या एका बाजूला ठेवली, म्हणजे कणा चिरावा लागत नाही. पण बोर्ड अर्धा उचलला की तो मागे झुकतो, पाण्याच्या आडव्या विरोधाचा केंद्रबिंदूही त्याच्यामागे जातो आणि नाक वाऱ्यापासून दूर पडू लागतं. उथळ पाण्यात बोर्ड बहुतेक वेळ अर्धाच असणार. म्हणून आराखड्यावर दोन केंद्रं दाखवली, एक बोर्ड पूर्ण खाली असतानाचं आणि एक अर्ध्यावर असतानाचं, आणि तोल साधण्यासाठी मागे एक छोटं शीड घातलं.

सुकाणूसाठी मागचा खांब मुद्दाम सरळ आखला. बाकदार खांब डोळ्यांना छान दिसतो, पण सुकाणूच्या बिजागऱ्या एका रेषेत आणताना जीव जातो. पातं जमिनीला लागलं की वर उचललं जातं, पण तसं मागे पसरलेलं पातं फिरवायला जड पडतं. म्हणून खांबाच्या डाव्या बाजूला काठावर वल्ह्यासाठी एक खाच दाखवली. पाणी अगदीच संपलं, तर पातं पूर्ण वर बांधायचं आणि वल्ह्यानेच होडी वळवायची.