तिकडे करत होतात, मग इथे का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. प्रश्न नेहमीचाच आहे: न्यू जर्सीत तुम्ही लहान मुलांची औषधं स्वतः बनवून द्यायचात, तुमच्या फार्मसीला मानांकन होतं, मग दापोलीत एक साधं पातळ औषध करून द्यायला काय हरकत आहे? डॉक्टर विचारतात, शेजारी विचारतात, गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात. सगळ्यांनी धरून चाललेलं असतं की मानांकन म्हणजे भिंतीवरचा कागद आणि औषध बनवणं म्हणजे हातातलं कसब. कागद तिकडे राहिला असेल, हात तर बरोबर आलेत ना!

हात आलेत. पण मानांकन हातांना मिळालेलं नव्हतं.

तिकडे औषधं बनवून देणाऱ्या फार्मसींना पीसीएबी हे मंडळ मानांकन देतं. 2014 पासून हे मंडळ एसीएचसी या, आरोग्यसेवांना मानांकन देणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे. मानांकन ऐच्छिक आहे, तीन वर्षांसाठी मिळतं, आणि त्यासाठी प्रत्यक्ष येऊन पाहणी होते. आमच्याकडे आलेल्या तपासनीस बाईंनी शेल्फवरची एक तयार बाटली उचलली आणि तिथून उलट्या दिशेने विचारत गेल्या. ही कुणी बनवली? कोणत्या कृतिपत्रकावरून? भुकटीचा लॉट नंबर काय, पुरवठादाराचा विश्लेषण अहवाल कुठे आहे? तराजू शेवटचा कधी तपासला? वजन करणाऱ्या मुलीचं प्रशिक्षण कधी झालं, तिची परीक्षा कुणी घेतली? बाटलीवर जी मुदत लिहिली ती कशाच्या आधारावर? यूएसपी म्हणजे अमेरिकेतली औषधांची मानकं; त्यांच्या 795 क्रमांकाच्या प्रकरणानुसार, स्थिरतेची वेगळी माहिती हाताशी नसेल तर पाण्यातलं, संरक्षक (जंतू वाढू न देणारा पदार्थ) न घातलेलं औषध फ्रीजमध्ये ठेवूनही 14 दिवसच चालतं; संरक्षक असेल तर 35. इंजेक्शनं बनवणाऱ्यांना तर हातमोजे घातलेली बोटं जंतू वाढवायच्या थाळीवर टेकवून द्यावी लागतात, मर्यादेबाहेर काही उगवलं तर माणूस कामावरून बाजूला. एका बाटलीमागे इतकी माणसं आणि इतक्या नोंदी.

हे थोतांड नाही. 2012 साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका कंपाउंडिंग, म्हणजे औषधं स्वतः बनवून देणाऱ्या, फार्मसीच्या स्टेरॉइड इंजेक्शनांत बुरशी निघाली. 750 हून अधिक माणसं आजारी पडली, 64 गेली. आणि आपल्याला इतक्या लांब जायचंही कारण नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, रुग्ण दगावले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. पातळ औषधात ग्लिसरीन सर्रास घालतात. माझ्याकडे येणाऱ्या बाटलीत नेमकं काय आहे, हे तपासायची माझ्याकडे कसलीही सोय नाही.

आता कायद्याचं. नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली दुकानात औषध बनवायला आपला कायदा मनाई करत नाही. मात्र माझ्या पाटीवर 'केमिस्ट अँड ड्रगिस्ट' आहे, आणि 1945 च्या औषध नियमांत ही पाटी औषध बनवण्याची सोय नसलेल्या दुकानाची आहे. सोय करायची तर त्याच नियमांच्या शेड्यूल एन या परिशिष्टात साहित्याची यादी आहे. ती आणता येईल. जुलैत दापोलीची हवा अशी असते की भुकटीची बाटली उघडली की तिला ओल धरायला लागते. त्यात वीज गेली की फ्रीजच्या तापमानाची खात्री मी कुणाला देणार?

इथवर मी ठामपणे बोलते. पुढचं बोलताना तेवढी ठाम राहत नाही.

अशाच एका पावसाळ्यात केळशीकडची एक आजी नातवाला घेऊन आली. बाळाच्या हृदयाला छिद्र, मुंबईत ऑपरेशन होऊन घरी आलेलं. चिठ्ठीवर स्पायरोनोलॅक्टोन, 25 मिलिग्रॅमची पाव गोळी; हे औषध लघवी वाढवतं, पण जास्त झालं तर रक्तातलं पोटॅशियम वाढू शकतं. तयार पातळ औषध मला मिळालं नाही. आजी म्हणाली, "ताई, तुम्ही तिकडे हेच करायचात म्हणे. मग आमच्या पोरासाठी एवढं करा की." मी नाही म्हटलं. कारणं समजावली, चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला, तो लागला नाही. "उद्या परत लावते, तोवर गोळी नीट चार भाग करून पाव भागच द्या," असं सांगितलं. आजीने मान डोलावली. तिला माझं पटलं नव्हतं, ते दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. माझ्याकडे तिचा नंबर नव्हता. आठवड्याने कळलं की बाळाला चिपळूणला दाखल केलंय, रक्तात पोटॅशियम वाढलंय. घरी त्यांनी गोळ्या कुटून पाण्याच्या बाटलीत टाकल्या होत्या आणि चमच्याने देत होते. ही गोळी पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसते. वरच्या चमच्यात जवळजवळ काहीच नाही आणि शेवटच्या चमच्यांत सगळं. त्यामुळेच पोटॅशियम वाढलं, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं नाही. मीही सांगू शकत नाही. बाळ बरं होऊन घरी गेलं. आजी नंतर एकदा दुकानात आली, क्रोसिन घेतली, बाळ बरं आहे म्हणाली, दुसरं काही बोलली नाही.

न्यू जर्सीतली मी असते तर म्हणाले असते, बघा, खात्रीशिवाय बनवलेल्या औषधाचं हे असं होतं. तिला मी विचारते, मग तुझ्या नकाराने ते बनवलं जायचं थांबलं का? ते बनलंच, फक्त माझ्याऐवजी पाट्यावरवंट्यावर बनलं. ती म्हणते, आज एका बाळासाठी नियम मोडलास की उद्या वीस जण रांगेत उभे राहतील, आणि विसाव्या बाटलीत काय गेलं ते तुलाच सांगता येणार नाही. हेही खरं आहे. माझा नकार चूक होता असं मी आजही म्हणत नाही. पण तो नकार पुरेसा होता, असं म्हणायला जीभ रेटत नाही.

आता डॉक्टरांशी बोलणं झाल्याशिवाय मी अशा घरच्यांना परत पाठवत नाही. डॉक्टर हो म्हणाले तर सिरिंज देते, गोळी किती पाण्यात घोळायची, हलवून लगेच किती ओढायचं, उरलेलं का फेकायचं ते काउंटरवर त्यांच्याकडून करून घेते, दोनदा. नंबर लिहून घेते. याला मानांकन नाही, आणि तिकडच्या तपासनीस बाईंनी हे पाहिलं असतं तर दहा प्रश्न विचारले असते. त्यांतल्या निम्म्यांना माझ्याकडे उत्तर नाही.

तेव्हा दुकानात औषध मी बनवणार नाही. मात्र जिल्ह्यातल्या एखाद्या रुग्णालयाने एक कोरडी खोली, तपासलेला तराजू, शुद्ध पाणी, न जाणारी वीज आणि नमुने तपासून घेण्याची सोय केली, तर कृतिपत्रकं लिहायला आणि तिथे काम करणाऱ्या मुलांना शिकवायला मी येते. पगाराचं नंतर बोलू.