नाव, वय, गाव

परवा तोक्योतल्या निशी-कासाई स्टेशनबाहेरच्या मशीनमधून चहाची बाटली घेतली. इथला थंडगार, बिनसाखरेचा हिरवा चहा. मी इथे आले तेव्हा तो घशाखाली उतरत नव्हता, आता जुलैच्या उकाड्यात त्याच्यावाचून चालत नाही. लेकीने नेहमीप्रमाणे बाटली माझ्या हातातून घेतली, फिरवली आणि वेष्टनावरचा हायकू, म्हणजे तीन ओळींची जपानी कविता, वाचला. ओल्या बुटांवरचा होता. शेवटी लिहिणाऱ्याचं नाव, वय आणि प्रांत. वय ७.

"आई, माझ्याहून लहान आहे गं!" म्हणून ती तिथेच उभी राहिली. मागे रांग लागलेली, आणि आम्ही दोघी चहाची बाटली वाचतोय.

या चहाचं नाव 'ओ-इ ओचा', म्हणजे साधारण "अगं ए, चहा!" इतो-एन कंपनीने चहाला हे नाव दिलं १९८९ मध्ये, आणि त्याच वर्षी हायकू स्पर्धा काढली. तिच्यातले निवडक हायकू बाटल्यांवर छापतात. पहिल्या वर्षी ४१ हजारांवर हायकू आले, अलीकडे वर्षाला १९ लाखांच्या आसपास येतात. एवढी वाढ झाली कारण नियम सैल ठेवले. ऋतूचा शब्द हवाच असं नाही, तीन ओळींच्या पाच-सात-पाच या मापात थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. शिवाय शाळा वर्गच्या वर्ग एकत्र पाठवतात. गट वयाचे: प्राथमिक, माध्यमिक, उच्च माध्यमिक, चाळिशीच्या आतले, चाळिशीपुढचे. इंग्रजीचा वेगळा.

पण मला खरी भुरळ घातली ती त्या वयाच्या आकड्याने. एका बाटलीवर पहिली-दुसरीतलं मूल, दुसरीवर ऐंशीच्या आजी. अक्षरं तेवढीच, जागा तेवढीच. कुणी 'बालकवी' नाही, कुणी 'ज्येष्ठ कवयित्री' नाही. सहावीत मी पावसावर कविता लिहिली होती. शाळेच्या भित्तिपत्रकावर लागली तेव्हा शेवटच्या चार ओळी बाईंच्या होत्या, नाव माझं. सगळ्यांनी कौतुक केलं आणि मी पुन्हा कविता लिहिली नाही. ते अजून खुपतं, म्हणूनच त्या सात वर्षांच्या मुलाच्या नावाकडे मी इतका वेळ बघत राहिले असेन.

हिवाळ्यात लेकीच्या वर्गानेही हायकू पाठवले. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून बोटांवर मोजत होती. 'तोक्यो' मला दोन अक्षरी वाटायचं, ती चार बोटं मुडपते: तो-ओ-क्यो-ओ. दीर्घ स्वर लांबला की त्याचं वेगळं बोट. मी म्हटलं, अगं, ही तर आपली मात्रा! ह्रस्वाची एक, दीर्घाच्या दोन. वृत्तं शिकताना आम्ही हेच करायचो. तिला ते फारसं भावलं नाही, मला मात्र दिवसभर बरं वाटत होतं.

तिचा हायकू असा होता: फोनवर आजी, तिच्या मागे पाऊस, इथे मात्र ऊन. जपानीत तो नेमका बसतो, मराठीत माझ्याच्याने बसत नाही. निवड झाली नाही. मैत्रीण फोनवर म्हणाली, "लेक जपानीत कविता करते, मराठीत कधी करणार?" लागलं मला ते. पुण्यात राहिलो असतो तर तीही इंग्रजी शाळेतच गेली असती, आणि कविता कुठल्याच भाषेत झाली नसती, असं मी ठामपणे सांगितलं. ते खरंच आहे.

आणि आपल्याकडे काही नव्हतं असं कुणी समजू नये. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, म्हणणाऱ्या बाईच्या नावागावासकट. तिथे ना स्पर्धा होती ना बक्षीस. पीठ पडत होतं आणि बाया रचत होत्या. माझी आईही वाईकडच्या खेड्यात सासूबरोबर दळायला बसायची. मी तिची एकही ओवी कधी उतरवून घेतली नाही.

रविवारी तिला फोनवर बाटली दाखवली. "एवढुशा पोराचं नाव छापलंय?" तिने दोनदा विचारलं. मग आपणहून एक ओवी म्हणाली, माहेरच्या वाटेवरची. मध्ये अडली, पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. लेक बोटं मोजत होती. पाच झाली, सात झाली, पुढे बोटं संपली तरी ओवी चालूच. "आजी, हळू म्हण ना, लिहून घेते."

मराठी अक्षरं तिची अजून वाकडीतिकडी येतात. अर्धं पान भरलं. शेवटी तिने बाटली जवळ ओढली, वेष्टन बघितलं आणि फोनकडे मान वळवून विचारलं, "आजी, तुझं वय?"

"अठ्ठ्याहत्तर लिही."

तिने ओवीखाली आजीचं नाव लिहिलं, पुढे ७८, आणि त्यापुढे: सातारा.