गोड वाइन नुसती गोड का लागते?

‘डेझर्ट वाइन दोन घोटांत नकोशी होते, लोकांना तिच्यात काय आवडतं?’ असं बरेचजण विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. गोडीपेक्षा तिच्यातला आंबटपणा शोधा. फ्रान्समधल्या सोतर्न भागात त्याच नावाची गोड वाइन होते, तिच्यात लिटरमागे साधारण 120 ते 150 ग्रॅम साखर असते, म्हणजे कोलापेक्षा जास्त. तरी ती चिकट लागत नाही, ती या आंबटपणामुळे.

तिथे शरदात पहाटे नदीवरून धुकं येतं, दुपारी ऊन पडतं. त्या ओलाव्यात द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी धरते. ती सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते, आतलं पाणी उडून जातं आणि साखर, आम्ल, सुवास सगळं दाट होतं. मणी जांभळट-तपकिरी, सुरकुतलेले, वर राखाडी लव. दिसायला टाकाऊच! सगळे एकदम तयार होत नाहीत, म्हणून तोडणारे त्याच ओळीतून पुन्हापुन्हा फिरतात. पाऊस लांबला तर तीच बुरशी पीक सडवते. तिथल्या शातो दिकेम या वाइन उत्पादकाने 2012 साली आपली गोड वाइन काढलीच नाही.

आता प्यायचं कसं? बाटली तीन तास फ्रिजमध्ये ठेवा, ओतण्याआधी दहा मिनिटं बाहेर काढा. 8 ते 10 अंश हवेत. कोमट झाली की गोडी अंगावर येते, फार गार असली तर वास दबतो. व्हाइट वाइनच्या ग्लासात 60 मिली पुरे. इवल्याशा लिकर ग्लासात वासाला जागाच उरत नाही. गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटलं, की तोच तो आंबटपणा.

सोबतचा गोड पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा, नाहीतर वाइन पांचट लागते. चॉकलेटपुढे सोतर्न हरते. तिथे टॉनी पोर्ट घ्या, म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली पोर्तुगालची गोड, कडक वाइन. सोतर्नला खरी जोड खारट रोकफोर या निळ्या बुरशीच्या चीजची. हे एकदा करून पाहाच.

अगदीच नवखे असाल तर मोस्कातो दास्ती या हलक्या इटालियन गोड वाइनपासून सुरुवात करा. हलके बुडबुडे, मद्यार्क जेमतेम 5 टक्के. मात्र शक्य तितकी ताजी घ्या. पोर्टमध्ये स्पिरिट घालून किण्वन मध्येच थांबवतात. त्यामुळे साखर उरते आणि मद्यार्क 20 टक्क्यांच्या आसपास जातो. तिचा ग्लास लहानच भरा.

उघडलेली सोतर्न बूच लावून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, टॉनी तीन-चार आठवडे. व्हिंटेज पोर्ट, म्हणजे एकाच वर्षीच्या द्राक्षांची पोर्ट, मात्र दोन दिवसांत संपवा.