आमच्या गच्चीवरची कोजागिरी

दसरा सरला की चाळीतली आम्ही पोरं मंडळाची वही घेऊन दारोदार फिरायचो. वरळीची बीडीडी चाळ, तळमजला आणि वर तीन मजले, मजल्याला २० खोल्या. म्हणजे ८० दारं, आणि प्रत्येक दारात एकच हाक, "काकू, कोजागिरीचं दूध!" आरेच्या केंद्रावर कार्डावर ठरलेल्याच बाटल्या मिळायच्या. त्यामुळे पौर्णिमेला सकाळी चाळभर कोरा चहा व्हायचा आणि घरची बाटली मंडळाला जायची. त्या कोऱ्या चहाची चव अजून जिभेवर आहे.

संध्याकाळी गच्चीवर विटांची चूल मांडायची आणि तिच्यावर मंडळाचं जर्मनचं मोठं पातेलं. ढवळायचा मान २८ नंबरच्या काकूंचा. त्या खानावळ चालवायच्या, गिरणीतली वीस-बावीस माणसं त्यांच्याकडे जेवायला. तास-दोन तास त्यांचा उलथणं धरलेला हात थांबायचा नाही. "तळ सोडू नका रे, दूध लागलं तर ८० घरांचं लागेल," म्हणायच्या. कडेची साय खरवडून पुन्हा दुधात सोडायच्या, जायफळ मात्र अगदी शेवटी, सहाणेवर उगाळून. चंद्र डोक्यावर आला की आम्ही पातेल्याभोवती गर्दी करायचो, दुधात तो दिसतो का बघायला.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. काकूंकडची काही माणसं गावी परतली, राहिली त्यांच्या खिशात दमडी नव्हती. तरी काकूंनी एकाचंही ताट बंद केलं नाही. आमटी पातळ झाली, इतकंच. माझी आई ७१ नंबरातून तांदळाचा डबा घेऊन खाली जायची, "रेशनचा जास्त आलाय हो," म्हणायची. जास्त कुठला? आमच्याकडेही संपच होता. काकूंना ते ठाऊक होतं. डबा रिकामा परत येताना त्यात लोणच्याची फोड असायची. गिरणगावातल्या अशाच खानावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. अख्खं गिरणगाव या बायकांच्या हातचं जेवलं. त्यांचं ऋण मोठं आहे.

त्या वर्षी कोजागिरी रद्द करायचं चाललं होतं. पण सेक्रेटरीकाकांनी वहीत रकमेचा रकानाच आखला नाही. खोली नंबर आणि पुढे बरोबरची खूण, बस्स. कुणी वाटीभर साखर दिली, कुणी फळकुटं, एका आजींनी कागदाच्या पुडीत चार वेलदोडे. दूध पातळ होतं, काकूंनी त्याला तांदळाचं पीठ लावलं. अर्धी अर्धी वाटी प्रत्येकाला मिळाली, आणि ८० नंबरांपुढे ८० खुणा. पुढे दिवस पालटले, पण रकमेचा रकाना वहीत परत आला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये चाळींच्या पुनर्विकासात वरळीतल्या पहिल्या ५५६ नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, त्यांत आमचीही. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत आलो. आई असती तर तिने नवं स्वयंपाकघर दहादा पुसलं असतं. पहिल्याच कोजागिरीला २८ नंबरच्या सूनबाई वही घेऊन दारात उभ्या. नवे फ्लॅट नंबर अजून कुणाच्या तोंडी बसलेले नाहीत. त्यांनी पान उलटलं, ७१ शोधला आणि पुढे खूण केली.