१२२१ चा आकडा आणि ५३ नंबरचं पोर्ट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपचा सर्व्हर मी सांभाळतो. विंडोज सर्व्हर २०१६, त्यावरच डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी सेवा. बँकेच्या साइटचा पत्ता ऑफिसमधले सगळे कॉम्प्युटर त्यालाच विचारतात.

डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टची सूचना वाचली, की डीएनएस सर्व्हरला खोटं उत्तर देऊन फसवता येतं, आणि झोप उडाली. २००८ साली सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्कीने डीएनएसमधला असाच फसवणुकीचा दोष दाखवला, तेव्हापासून खोट्या उत्तराला दोन गोष्टी जुळवाव्या लागतात: प्रश्नाचा आयडी, ६५,५३६ पैकी एक, आणि दरवेळी बदलणारं पोर्ट, म्हणजे उत्तर ज्या नंबरच्या दारातून आत येतं ते. पण यूडीपीवरून, म्हणजे जोडणी न करता पॅकेट सरळ पाठवण्याच्या पद्धतीने, मोठं उत्तर आलं की वाटेत त्याचे तुकडे पडतात, आणि आयडी-पोर्ट दोन्ही असतात पहिल्या तुकड्यात. दुसरा तुकडा बनावट घुसवला तर ती राखण कामालाच येत नाही. सर्व्हर तो खोटा पत्ता कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो आणि मुदत संपेपर्यंत सगळ्यांना तोच देतो.

मालक म्हणाले, "सगळं चालायलंय की, कशाला हात लावतोस?"

"मालक, कोल्हापूरच्या पार्टीला पैसे पाठवताना बँकेचं नाव बरोबर टाकूनही पान भलतंच उघडलं तर?"

ब्राउझर सर्टिफिकेटची सूचना देतो, मान्य. पण हिशेब बघणारे आमचे काका ती आली की 'पुढे जा' दाबतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मालकांनी सुट्टीचा दिवस दिला.

उपाय छोटा होता: रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, यूडीपी पॅकेटची कमाल मर्यादा १२२१ बाइट करायची, डीएनएस सर्व्हिस रीस्टार्ट करायची. त्याहून मोठं उत्तर मग टीसीपीवरून, म्हणजे आधी जोडणी करून पाठवण्याच्या पद्धतीने, येतं. रजिस्ट्रीची चौकट आधी हेक्साडेसिमलवर (सोळाच्या पटीतल्या आकड्यांवर) असते, तिथेच १२२१ टाकलं तर ते ४६४१ होतं. डेसिमल (नेहमीचे दहाच्या पटीतले आकडे) निवडून मगच आकडा टाका.

खरा त्रास दुसऱ्या दिवशी. काही नावं सापडेनात. दुपारपर्यंत मी इंटरनेटवाल्यांना फोन करत बसलो. शेवटी पॉवरशेलमधून (विंडोजला कमांड द्यायची खिडकी) फक्त टीसीपीने विचारून पाहिलं, तर उत्तरच नाही. पूर्वी कुणीतरी फायरवॉलवर डीएनएसच्या ५३ नंबरच्या पोर्टाला फक्त यूडीपीची परवानगी देऊन ठेवली होती. टीसीपी उघडलं, कॅश साफ केली, नावं परत सापडू लागली.

पुढच्या आठवड्यात खानापूरच्या मित्राच्या पतसंस्थेत हेच काम होतं. तिथे मी आधी फायरवॉल उघडून बघितली. टीसीपी तिथेही बंदच होतं.